ब्राउझरमधून यंत्राची उलटतपासणी

२०१८ साली जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधकांनी तीन व्यावसायिक सेवा तपासायला घेतल्या. चेहऱ्याचा फोटो पाठवला की ती व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हे सांगणाऱ्या या सेवा मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आणि फेस प्लस प्लस यांच्या होत्या. आफ्रिकेतल्या तीन आणि युरोपातल्या तीन देशांच्या संसद सदस्यांचे १२७० फोटो त्यांनी जमवले आणि सेवांकडे पाठवले. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघाले. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते एका सेवेत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. या दोघींना कोणत्याही कंपनीचा कोड दिसत नव्हता. ही मॉडेल कोणत्या फोटोंवर शिकली आहेत याचीही माहिती त्यांच्याकडे नव्हती. फोटो पाठवायचा, उत्तर घ्यायचे आणि नोंदवून ठेवायचे, एवढेच त्यांना करता येत होते. तेवढ्यावरून निघालेल्या निष्कर्षामुळे पुढे कंपन्यांना आपली मॉडेल सुधारावी लागली आणि चेहरा ओळखण्याच्या तंत्रावर जगभर चर्चा सुरू झाली.

हे पुस्तक त्याच कामाचे एक साधन हातात देण्यासाठी लिहिले आहे. दूर कुठल्यातरी सर्व्हरवर चालणाऱ्या मॉडेलला साध्या ब्राउझरमधून प्रश्न कसे विचारावेत, आलेले उत्तर पूर्ण कसे वाचावे आणि त्यावरून काय म्हणता येते, काय म्हणता येत नाही, हा त्याचा विषय आहे.

आधी शब्दांची ओळख. मशीन लर्निंगचे मॉडेल म्हणजे उदाहरणांवरून शिकलेले, आकड्यांनी भरलेले एक सूत्र. ते इंटरनेटवरच्या एखाद्या पत्त्यावर ठेवले, त्या पत्त्यावर ठरलेल्या आकारात माहिती पाठवली आणि ठरलेल्या आकारात उत्तर मिळाले, की ती झाली वेब सेवा. तिला विचारणारा जो कोणी, तो क्लायंट. बहुतेक वेळा क्लायंट म्हणजे दुसरा एखादा प्रोग्रॅमच असतो. बँकेचे अ‍ॅप, दुकानाचे संकेतस्थळ, फोनमधला कीबोर्ड हे सगळे दिवसभर अशा सेवांना विचारत असतात आणि त्यांचे संभाषण आपल्याला दिसत नाही. या पुस्तकातला क्लायंट माणसासाठी आहे. तो ब्राउझरमध्ये उघडतो आणि वेगळे काही बसवावे लागत नाही. प्रश्न बदलून पुन्हा विचारायची सोय हेच त्याचे मुख्य काम.

या विषयाच्या दोन मुळांपैकी एक मशीन लर्निंगच्या अभ्यासकांच्या जगात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेत १९८७ पासून मशीन लर्निंगसाठी माहितीसंचांचा एक सार्वजनिक साठा उभा राहिला. सगळ्यांनी एकाच माहितीवर आपापली पद्धत चालवून पाहावी आणि निकाल ताडून पाहता यावेत, ही त्यामागची कल्पना. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात १९९३ मध्ये वेका या प्रणालीचे काम सुरू झाले. तिच्या मुख्य खिडकीचे नावच एक्सप्लोरर. माहिती भरा, पद्धत निवडा, बटण दाबा, निकाल वाचा. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी मशीन लर्निंग पहिल्यांदा या खिडकीत हाताळले. भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही वेका अनेक वर्षे शिकवले गेले.

दुसरे मूळ वेबचे. नव्वदच्या दशकात पानावर फॉर्म आले, म्हणजे वाचणाऱ्याला काहीतरी पाठवता येऊ लागले. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत पान पुन्हा न उघडता सर्व्हरशी बोलण्याची सोय झाली. २००५ मध्ये तिला एजॅक्स हे नाव मिळाले आणि ती सगळीकडे पसरली. त्याआधी २००० मध्ये रॉय फील्डिंग यांनी आपल्या पीएचडीच्या प्रबंधात रेस्ट नावाची मांडणी केली होती. प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता असावा आणि त्या पत्त्यावर मोजक्या ठरलेल्या क्रिया कराव्यात, एवढे तिचे सार. हा प्रबंधही अर्वाइनमधलाच. माहितीसंचांचा साठा आणि वेब सेवांचा पाया एकाच आवारात तयार झाला, हा योगायोग मला फार आवडतो.

ही दोन मुळे जिथे खऱ्या अर्थाने एकत्र आली, असा प्रकल्प म्हणून मी ओपनटॉक्सकडे बोट दाखवीन. त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. युरोपीय संघात २००७ पासून रीच हा रसायनांविषयीचा कायदा लागू झाला. बाजारातल्या हजारो रसायनांच्या विषारीपणाची माहिती द्यावी लागणार होती आणि ती प्राण्यांवर कमीत कमी प्रयोग करून मिळवायची होती. रेणूची रचना पाहून विषारीपणाचा अंदाज बांधणारी मॉडेल होती, पण ती वेगवेगळ्या संस्थांकडे, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये विखुरलेली होती. २००८ मध्ये युरोपीय संघाच्या निधीतून सुरू झालेल्या ओपनटॉक्सने त्यावर उपाय काढला. संयुग, माहितीसंच, गुणधर्म, पद्धत, मॉडेल या प्रत्येकाला वेबवरचा स्वतंत्र पत्ता दिला. माहितीसंचाचा पत्ता पद्धतीच्या पत्त्यावर पाठवला की मॉडेल तयार होई आणि त्यालाही नवा पत्ता मिळे. नवा रेणू त्या मॉडेलकडे पाठवला की अंदाज मिळे. काम लांबणार असेल तर सेवा त्या कामाचाच एक पत्ता परत देई. तिथे अधूनमधून डोकावून काम झाले का ते पाहायचे.

या सगळ्यावर ब्राउझरमध्ये उघडणारी दोन साधने होती. टॉक्सप्रेडिक्टमध्ये रेणू शोधायचा, मॉडेल निवडायची आणि अंदाज वाचायचे. टॉक्सक्रिएटमध्ये आपली माहिती देऊन स्वतःचे मॉडेल बनवायचे. विषशास्त्राच्या अभ्यासकाला जावा किंवा पायथन येण्याची गरज नव्हती. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. अंदाज कोणत्या मॉडेलने दिला, ते मॉडेल कोणत्या माहितीवर बनले, ती माहिती कुठून आली, हा माग पत्त्यावरून पत्त्यावर जात शेवटपर्यंत काढता येत असे. आज ज्या सेवा आपण वापरतो त्यांपैकी फार थोड्या असा माग काढू देतात.

मोठ्या कंपन्यांनी याच सुमारास हे क्षेत्र बाजारात आणले. गूगलने २०१० मध्ये प्रेडिक्शन एपीआय जाहीर केले, २०१५ पर्यंत मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्याही अशा सेवा खुल्या झाल्या. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर मशीन लर्निंग स्टुडिओत मॉडेल ब्राउझरमध्येच ओढून-जोडून बनवता येई आणि ते प्रकाशित करताच चाचणीसाठी एक फॉर्म आपोआप मिळे. गूगलची ती सेवा २०१८ मध्ये बंद झाली, स्टुडिओची जुनी आवृत्ती २०२४ मध्ये. अशा सेवांवर विसंबून लिहिलेली पुस्तके सेवेबरोबरच संपतात, हे लक्षात ठेवून या पुस्तकाची रचना केली आहे.

आज ब्राउझरमधल्या क्लायंटचे जे प्रवाह दिसतात, त्यांत मला दोन वृत्ती वेगळ्या दिसतात. पहिली दस्तऐवजाच्या अंगाने वाढली. २०११च्या आसपास वर्डनिक या शब्दकोशाच्या संकेतस्थळासाठी टोनी टॅम यांनी स्वॅगर तयार केले. सेवेचे वर्णन ठरलेल्या भाषेत लिहिले की त्यावरून वाचता येणारे आणि तिथेच चालवून पाहता येणारे पान आपोआप तयार होते. त्याच वर्णनाची भाषा पुढे ओपनएपीआय या नावाने सर्वमान्य झाली. बंगळुरूत अभिनव अस्थाना यांनी सुरू केलेला पोस्टमनही आधी क्रोम ब्राउझरचे छोटेसे एक्स्टेन्शनच होता. ही साधने विनंती आणि उत्तर जसेच्या तसे दाखवतात: शीर्षके, स्थितीचा क्रमांक, जेसन या मांडणीत आलेला मजकूर, सगळे. नवख्याला सुरुवातीला ते रुक्ष वाटते, पण काहीच झाकलेले नसते.

दुसरी वृत्ती प्रात्यक्षिकाची. स्टॅनफर्डमधून २०१९ मध्ये आलेले ग्रेडिओ आणि त्याच वर्षीचे स्ट्रीमलिट यांनी पायथनच्या थोड्याशा ओळींत मॉडेलसमोर एक नेटके पान उभे करायची सोय केली. चित्र टाका, स्लायडर सरकवा, उत्तर पाहा. २०२१ मध्ये मॉडेल आणि माहितीसंच सर्वांसाठी ठेवणाऱ्या हगिंग फेस या कंपनीने अशा पानांसाठी स्पेसेस सुरू केले आणि त्याच वर्षाअखेर ग्रेडिओही विकत घेतले; तेव्हापासून अशी पाने अक्षरशः असंख्य झाली. संशोधनाचा लेख वाचता वाचता त्यातले मॉडेल स्वतः चालवून पाहता येणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय या साधनांना दिलेच पाहिजे. अडचण अशी की प्रात्यक्षिक बनवणारा बहुधा मॉडेल बनवणाराच असतो. पानावर दिलेली उदाहरणे त्याने निवडलेली असतात आणि उत्तरातला कोणता भाग दाखवायचा हेही तोच ठरवतो. त्यामुळे पाहणारा प्रेक्षक राहतो.

तिसऱ्या एका प्रवाहात मॉडेल सर्व्हरवर न राहता ब्राउझरमध्येच उतरते. २०१६ चे टेन्सरफ्लो प्लेग्राउंड, २०१७ चे टीचेबल मशीन, २०१८ चे टेन्सरफ्लो जेएस ही त्याची ठळक नावे. ब्राउझरला ग्राफिक्स चिपची ताकद थेट वापरू देणारे वेबजीपीयू २०२३ मध्ये क्रोममध्ये आल्यापासून बरीच मोठी मॉडेलही अशी चालू लागली. माहिती आपल्या यंत्राबाहेर जात नाही हा त्याचा मोठा गुण. हा प्रवाह पुस्तकाच्या मुख्य वाटेपासून थोडा बाजूला पडतो, म्हणून त्याचा विचार तुलनेपुरताच केला आहे.

आणि मग ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले. मशीन लर्निंगच्या सेवेचा ब्राउझरमधला क्लायंट म्हणजे काय, हे कोट्यवधी लोकांना काही महिन्यांत कळले, आणि तो क्लायंट म्हणजे गप्पांची चौकट, असाही समज पक्का झाला. माझ्या मते शोध घेण्याच्या दृष्टीने ही सर्वांत बंदिस्त खिडकी आहे. आपल्या प्रश्नाआधी मॉडेलला कोणत्या सूचना दिल्या गेल्या, उत्तरात किती यादृच्छिकता ठेवली, नेमक्या कोणत्या आवृत्तीने उत्तर दिले, हे तिथे दिसत नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या संशोधकांनी एकाच नावाने मिळणाऱ्या मॉडेलची मार्चमधली आणि जूनमधली उत्तरे ताडून पाहिली, तेव्हा काही कामांत मोठा फरक आढळला. नाव तेच, पत्ता तोच, मागचे यंत्र बदललेले. आवृत्ती आणि तारीख नोंदवणारा क्लायंट हाताशी नसेल तर असा बदल सिद्ध करायला काही मार्गच उरत नाही.

म्हणून चांगल्या क्लायंटने काय दाखवले पाहिजे, याबद्दल पुस्तकात ठाम भूमिका घेतली आहे. पाठवलेली विनंती अक्षरशः दिसली पाहिजे, आलेले उत्तर कापाकापी न करता दिसले पाहिजे. ४२९ हा क्रमांक आला तर आपण फार वेगाने विचारत आहोत, ४०१ आला तर ओळख पटलेली नाही, हे वाचकाला कळले पाहिजे. 'काहीतरी चुकले' असा लाल पट्टा पुरेसा नाही. मॉडेल आपल्या उत्तराबरोबर खात्रीचा आकडा देत असेल तर तो तर दाखवावाच, पण त्याचा अर्थही सांगावा. ०.९७ म्हणजे उत्तर ९७ टक्के खरे असे नव्हे. मॉडेलला ठाऊक असलेल्या पर्यायांमध्ये या पर्यायाला एवढे वजन मिळाले, इतकेच. कुत्रा आणि मांजर एवढेच पर्याय शिकलेल्या मॉडेलला आंब्याचा फोटो दाखवला तरी ते वजन या दोघांतच वाटणार.

तांत्रिक अडचणींपैकी दोन ब्राउझरमुळेच येतात. एका ठिकाणच्या पानाने दुसऱ्या ठिकाणची माहिती परस्पर वाचू नये, असा ब्राउझरचा जुना नियम आहे. दुसऱ्या सर्व्हरने परवानगी दिली तरच तो सैल होतो. ती द्यायची ठरीव पद्धत म्हणजे कॉर्स, जिला २०१४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस मिळाली. सेवेने परवानगी दिली नसेल तर पोस्टमनच्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये चालणारी विनंती आपल्या पानावर अडते आणि नवशिके इथेच हात टेकतात. दुसरी अडचण एपीआय कीची, म्हणजे सेवा वापरण्यासाठी मिळणाऱ्या गुप्त किल्लीची. ब्राउझरमधला कोड वापरणाऱ्याच्या यंत्रावर चालतो, त्यामुळे त्यात लिहून ठेवलेली की डेव्हलपर टूल्स उघडून कोणालाही वाचता येते. दोन्हींवर उपाय एकच, मधे आपला छोटा सर्व्हर ठेवणे. तो कसा लिहायचा आणि त्यात कोणती काळजी घ्यायची, यावर पुस्तकात बरीच पाने खर्च केली आहेत.

मराठी वाचकासाठी हे आत्ता का महत्त्वाचे आहे? मराठीवर चालणाऱ्या सेवा आता खरोखर उपलब्ध आहेत. गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ मध्ये आली, कोकणी २०२२ मध्ये. त्याच वर्षी केंद्र सरकारची भाषिणी सुरू झाली आणि ओपनएआयचे व्हिस्पर मराठी बोलणे लिहून घेऊ लागले. मद्रासच्या आयआयटीतल्या एआयफॉरभारत गटाने भारतीय भाषांसाठी भाषांतराची मॉडेल खुली केली. पुण्यातल्या एलथ्रीक्यूब गटाने २०२१ मध्ये मराठी मजकुरातला सूर ओळखण्यासाठी सुमारे १६,००० ट्वीट्सचा संच प्रकाशित केला. त्यानंतर नावे ओळखण्यासाठी, बातम्यांच्या वर्गवारीसाठी असे एकेक संच आणि मॉडेल येत गेले आणि ती हगिंग फेसवर कोणालाही मिळतात. हे काम मोठ्या कष्टाचे आहे. आता ते तपासणारे मराठी वाचक हवेत. महाराष्ट्रातल्या नामवंतांच्या ट्वीट्सवर शिकलेले मॉडेल नाटकाच्या परीक्षणातला सूर ओळखेल का? अहिराणी किंवा मालवणी बोलणे लिहून घेताना सेवा काय करते? वऱ्हाडी शेतकऱ्याचा प्रश्न ती पुणेरी करून टाकते की ऐकून घेते? इंग्रजी मोजपट्टीवरचे गुण याचे उत्तर देत नाहीत. ज्याला ती बोली येते त्याने विचारून पाहिले तरच ते मिळते.

काही गोष्टी तर विनंतीचा कच्चा मजकूर पाहिल्याशिवाय दिसतच नाहीत. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. नुक्तेवाला ऱ, हलन्त आणि य हा एक. साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य हा दुसरा. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द आहेत. एकाच वाक्याला सेवेने दोन उत्तरे दिली तर कारण इथेही असू शकते. खर्चाचेही असेच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'महाराष्ट्र' लिहायला ३० बाइट लागतात, तोच शब्द रोमन लिपीत ११ बाइटांत बसतो. मजकुराचे बाइटांवरून तुकडे पाडणाऱ्या आणि तुकड्यांवर पैसे आकारणाऱ्या सेवेत मराठी प्रश्न महाग पडू शकतो. किती महाग, हे क्लायंटमध्ये तुकड्यांची संख्या दाखवली की कळते.

साध्या वापरणाऱ्यांच्या हाती असे साधन आले तर काय होते, याचे उदाहरण २०१९ चे आहे. ट्रेव्हर पॅग्लेन आणि केट क्रॉफर्ड यांनी इमेजनेट रुलेट नावाचे पान उघडे केले. आपला फोटो टाकायचा. इमेजनेट या प्रसिद्ध चित्रसंचातल्या माणसांच्या वर्गवारीवर शिकलेले मॉडेल आपल्याला काय नाव देते ते पाहायचे. अनेकांना अपमानास्पद नावे मिळाली आणि लोकांनी ती जगापुढे ठेवली. त्याच वर्षी इमेजनेटच्या चमूने माणसांची सहा लाख चित्रे काढून टाकत असल्याचे जाहीर केले. त्या वर्गवारीवर टीका करणारे लेख जिथे पोचले नसते, तिथे लोकांनी स्वतःचा चेहरा टाकून पाहिल्याने ती टीका पोचली.

या पुस्तकात वाचकाबरोबर एक छोटा क्लायंट उभा राहतो. साधे एचटीएमएल आणि साधी जावास्क्रिप्ट, कोणतीही फ्रेमवर्क नाही, कारण फ्रेमवर्क बदलतात आणि विनंती-उत्तराची रीत टिकते. तो आधी एका सेवेशी बोलतो, मग एकच प्रश्न अनेक सेवांना विचारून उत्तरे शेजारी मांडतो, पुढे प्रत्येक संभाषण तारखेसह जतन करतो. पहिला अर्धा भाग वाचायला प्रोग्रॅमिंग लागत नाही. पत्रकार, भाषांतरकार, शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. मॉडेल कशी शिकवावीत हे इथे नाही, त्यासाठी वेगळी पुस्तके आहेत. कुठल्या कंपनीची सेवा सर्वांत चांगली, हेही सांगितलेले नाही. छापून होईपर्यंत ते उत्तर जुने होईल.

एक इशारा मात्र जागोजागी दिला आहे. सेवेकडे पाठवलेली गोष्ट आपल्या हाताबाहेर जाते. दुसऱ्याचा वैद्यकीय अहवाल, आधार कार्ड, लहान मुलाचा फोटो, कोणाचे खासगी पत्र, हे प्रयोगासाठीसुद्धा पाठवू नये. सेवेच्या अटी वाचाव्यात आणि तिच्यावर नाहक भार टाकू नये.

वाचकांना विनंती अशी की हे पुस्तक ब्राउझर उघडा ठेवून वाचावे. प्रत्येक प्रयोगाची तारीख, सेवेचे आणि आवृत्तीचे नाव, पाठवलेला मजकूर आणि आलेले संपूर्ण उत्तर जपून ठेवावे. आपल्या मराठीत, आपल्या गावच्या बोलीत विचारावे. चूक सापडली तर एकदा विचारून थांबू नये, शब्द बदलून, क्रम बदलून पुन्हा विचारावे. ती पक्की झाली की सेवा चालवणाऱ्यांकडे आणि मॉडेल खुले असेल तर त्याच्या कर्त्यांकडे पुराव्यासह नोंदवावी.